बुडाकडून उघडलेले डबे

प्रस्तावना

मी बिअर पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बिअरचे जुने डबे जमवणारा माणूस म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. माझी आई सांगलीहून पहिल्यांदा पिट्सबर्गला आली, तेव्हा तळघरातल्या फळ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "एवढं सगळं तू प्यायलास?" मी म्हटलं, "नाही गं, हे रिकामेच विकत घेतले." त्यावर ती मटकन खुर्चीत बसली. "रिकामे? आणि पैसे देऊन?" पिऊन रिकामे केले असते तर तिनं बहुधा लवकर माफ केलं असतं.

तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते देण्याचा प्रयत्न म्हणजे हे पुस्तक. यात पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनी या एकाच ब्रुअरीचे शंभराच्या आसपास डबे आहेत, त्यांची छायाचित्रं आहेत आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी आहेत. सुरुवात मात्र दुसऱ्याच ब्रुअरीच्या डब्यानं झाली.

मी १९८६ च्या ऑगस्टमध्ये शिकायला पिट्सबर्गला आलो. त्याच उन्हाळ्यात मोनोंगहेला नदीकाठचा होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना बंद झाला होता. भाडं कमी म्हणून लॉरेन्सव्हिल या कामगार वस्तीत खोली घेतली. घरमालक आजोबा पोलिश वंशाचे, सारी हयात भट्टीवर काढलेले. जानेवारीत पाण्याचा पाइप गोठून फुटला आणि न्हाणीघराची भिंत उकलावी लागली. आतून पत्र्याचा एक डबा घरंगळत बाहेर आला. नरसाळं उलटं ठेवल्यासारखं त्याचं डोकं, आणि त्यावर एके काळी बाटलीचं बूच बसत असणार असं तोंड. पत्र्यावर ड्युकेन ब्रुअरीचा राजपुत्र हातात पेला घेऊन उभा.

आजोबांनी डबा बाहीला पुसला, दिव्याखाली धरला आणि एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. केंद्र सरकारचा कर भरलेला आहे, असा त्या ओळीचा अर्थ. "पन्नास सालानंतर ही ओळ छापायचं बंद झालं," ते म्हणाले. "आणि घर माझ्या नावावर झालं बावन्न साली. म्हणजे ही भिंत माझ्या बापानं घातलेली. त्याला ड्युकेनच लागायची." भिंत बांधताना डबा रिकामा केला, आत टाकला आणि वरून गिलावा केला. चाळीसेक वर्षांनी मुलाला बापाची सही सापडावी, तसं झालं होतं. डबा मात्र त्यांनी मला दिला. "तू वाचणारा मुलगा आहेस, हेही वाच," म्हणाले.

डबा वाचायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्या कराच्या ओळीची गोष्टच घ्या. अमेरिकेत बिअरच्या डब्यांवर ती १९५० च्या मार्चपर्यंत छापावी लागे, नंतर सक्ती उठली. त्यामुळे ओळ असलेला डबा त्याआधीचा, हा जमवणाऱ्यांचा पहिला ठोकताळा. डब्यावर सन छापलेला नसतो. तो झाकणावरून, शिवणीवरून, पत्र्याच्या वजनावरून, कारखान्याच्या नावातल्या एखाद्या बदललेल्या शब्दावरून काढायचा असतो. नाणी आणि ताम्रपट वाचणारी मंडळी यापेक्षा निराळं काही करत नाहीत. फक्त त्यांना कोणी हसत नाही.

बिअरच्या डब्याला वाढदिवस आहे. २४ जानेवारी १९३५. अमेरिकेतली तेरा वर्षांची दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात पूर्ण उठली होती आणि ब्रुअऱ्या नव्यानं गिऱ्हाईक शोधत होत्या. न्यूअर्कच्या गॉटफ्रीड क्रूगर ब्रुअरीनं अमेरिकन कॅन कंपनीच्या मदतीनं डबाबंद बिअर पहिल्यांदा बाजारात आणली. ती गावात न विकता दूर व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये विकली. फसली तर घरच्या बाजारात नाव जायला नको, हा हिशेब. अडचण चवीची होती. बिअर थेट पत्र्याला लागली की चव बिघडते. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं म्हणून कल्हई करतात, तोच प्रश्न. इथे तर पत्रा मुळातच कल्हईचा, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं पोलाद. पण तेवढ्यानं भागेना, म्हणून आतून आणखी एक अस्तर द्यावं लागलं. ते अस्तर जमलं आणि डबा चालला. इतका चालला की वर्ष संपायच्या आत तीसहून अधिक ब्रुअऱ्या डबे भरू लागल्या.

त्या पहिल्या डब्यांना वर ओढायची कडी नव्हती. वरखाली सपाट पत्रा. उघडायला टोकदार हत्यार लागे, त्याला गंमतीनं 'चर्च की', म्हणजे देवळाची किल्ली म्हणत. दोन भोकं पाडायची, एक ओतायला आणि एक हवेला. लोकांना हे माहीत नव्हतं, म्हणून डब्याच्या पाठीवर चित्रांसह कृती छापलेली असे. रिकामा डबा शंभर ग्रॅमच्या आसपास भरे. आजचा ॲल्युमिनियमचा डबा जेमतेम तेरा-चौदा ग्रॅम भरतो. जुना डबा हातात घेतला की तो भांड्यासारखा लागतो, वेष्टनासारखा नाही.

आता त्या नरसाळ्याच्या डोक्याकडे वळतो, कारण या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्यात आहे. सपाट डबा भरायला नवी यंत्रं लागत. ती मोठ्या ब्रुअऱ्यांना परवडत, लहानांना नाही. म्हणून १९३५ च्याच शरदात काँटिनेंटल कॅन कंपनीनं निमुळत्या डोक्याचा डबा काढला. त्याचं तोंड बाटलीच्या मापाचं, त्यामुळे बाटल्या भरायच्या जुन्या यंत्रावर तोही भरता येई आणि त्याला बाटलीचंच बूच बसे. गावोगावच्या लहान ब्रुअऱ्यांनी तो उचलला. जमवणारे त्याला 'कोन टॉप' म्हणतात आणि त्याच्या देखणेपणावर भाळतात. मला त्यात अडचणीतून काढलेली वाट दिसते.

कारण डबा लहान ब्रुअरीचा मित्र नव्हता. बिअर हा तोवर जड आणि नाजूक माल होता. काचेची बाटली फुटते, जास्त जागा अडवते आणि रिकामी परत आणावी लागते. म्हणून ब्रुअरीचा बाजार घोडागाडी, पुढे ट्रक जाईल तेवढाच. गावाची बिअर गावातच खपे. डब्यानं हे कुंपण मोडलं. डबे एकावर एक रचता येत, आगगाडीनं हजार मैल पाठवता येत आणि परत आणावे लागत नसत. मिलवॉकी आणि सेंट लुइसच्या बड्या कंपन्या देशभर पसरल्या, त्यात महामार्ग आणि दूरदर्शनच्या जाहिरातींइतकाच डब्याचाही हात होता. दारूबंदी उठल्यावर देशात सातशेच्या वर ब्रुअऱ्या चालू होत्या. सत्तरचं दशक सरता सरता चालू कंपन्यांची संख्या शंभराच्या खाली आली. ज्या डब्यानं गावच्या ब्रुअरीचा गळा धरला, तोच डबा हाती घेऊन तिला झुंजावं लागलं. किमतीत ती बड्यांना हरवू शकत नव्हती. तिच्याकडे एकच गोष्ट अशी होती जी मिलवॉकीकडे नव्हती, ती म्हणजे स्वतःचं गाव. तिनं गाव डब्यावर छापलं.

पिट्सबर्गमध्ये हे जितकं ठळक दिसतं, तितकं मला दुसरीकडे दिसलं नाही. शहराचं टोपणनावच 'आयर्न सिटी', लोखंडाचं शहर. एडवर्ड फ्राउएनहाइम या जर्मन माणसानं १८६१ मध्ये ब्रुअरी काढली आणि तेच नाव घेतलं. काही वर्षांतच ती लॉरेन्सव्हिलला, लिबर्टी ॲव्हेन्यूवर आली आणि पुढे सुमारे दीड शतक तिथेच राहिली. १८९९ मध्ये तिच्यासह आसपासच्या एकवीस ब्रुअऱ्या एकत्र होऊन पिट्सबर्ग ब्रुइंग कंपनी झाली. दारूबंदीत तिनं आइस्क्रीम आणि शीतपेयं विकून दिवस काढले. कामगारांच्या बोलीत आयर्नचा उच्चार 'आर्न'. पाळी संपवून आलेला भट्टीवाला गुत्त्यात शिरला की 'इम्प अँड आर्न' मागे. इम्पीरियल व्हिस्कीचा एक घोट आणि त्यावर आयर्न सिटी.

याच शहरात ॲल्युमिनियमही जन्माला आलं, म्हणजे व्यापारी मापात. १८८८ मध्ये इथे निघालेली कंपनी पुढे अल्कोआ झाली. म्हणून डब्याच्या इतिहासातली एक मोठी घटना पिट्सबर्गच्या वाट्याला आली, हा योगायोग नव्हे. ओहायोतल्या डेटन गावचा एर्मल फ्रेझ हा हत्यारं बनवणारा कारखानदार १९५९ मध्ये सहलीला गेला आणि उघडणी घरी विसरला. गाडीच्या बंपरवर डबा उघडता उघडता त्याला सुचलं की उघडणी डब्यालाच जोडलेली का असू नये. त्यातून ओढून काढायची कडी आली. ती अल्कोआनं उचलली आणि १९६२ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली ती आयर्न सिटीच्या डब्यांवर. अंग पोलादाचं, झाकण ॲल्युमिनियमचं. तो डबा या पुस्तकात तेरावा आहे. गावचे दोन्ही धातू एकाच वस्तूत भेटलेले असा दुसरा नमुना मला माहीत नाही.

कडी सोयीची होती, पण ओढून काढली की हातात राही आणि मग रस्त्यावर, वाळूत, नदीत जाई. पाय कापू लागले, जनावरांच्या पोटात जाऊ लागली. ऑरेगन राज्यानं १९७१ मध्ये कायदा करून तिला मज्जाव केला. १९७५ पासून आजची, डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली. जमवणाऱ्यासाठी या तारखा मैलाच्या दगडांसारख्या असतात. तुटणारी कडी दिसली की साठ-सत्तरचं दशक, न तुटणारी दिसली की त्यानंतरचं.

पुढे पोलाद मागे पडलं आणि डबा पूर्ण ॲल्युमिनियमचा झाला. ज्या वर्षांत लॉरेन्सव्हिलच्या डब्यातलं पोलाद गेलं, साधारण त्याच वर्षांत नदीकाठच्या पोलादाच्या भट्ट्या विझत गेल्या. एकाचं कारण दुसरं नव्हे. तरी फळीवर डबे क्रमानं लावले की शहराची कहाणी वजनानंच कळते. डावीकडचे डबे जड, उजवीकडचे फुंकरीनं उडतील असे.

गाव डब्यावर छापलं म्हणजे काय छापलं? पहिल्यांदा विनोद. रेज कॉर्डिक हा पिट्सबर्गचा लाडका रेडिओ निवेदक. त्यानं पन्नासच्या दशकात 'ओल्ड फ्रॉदिंगस्लॉश' नावाच्या काल्पनिक बिअरच्या खोट्या जाहिराती सुरू केल्या. शिळी, फिकी, आणि फेस वर नव्हे तर तळाला असलेली बिअर! लोक इतके हसले की ब्रुअरीनं खरंच त्या नावानं नाताळात माल काढला. आत नेहमीचीच आयर्न सिटी, बाहेर थट्टेची लेबलं. पुढे डबेही आले. बड्या कंपन्या आपल्या बिअरला राजेशाही, अस्सल, शुद्ध म्हणवत असताना या ब्रुअरीनं आपल्याच मालाला शिळा म्हणून विकला. ही थट्टा समजायला पिट्सबर्गमध्ये रेडिओ ऐकलेला असावा लागे. म्हणूनच ती मिलवॉकीला जमण्यासारखी नव्हती.

दुसरं छापलं ते फुटबॉल. शहराचा 'स्टीलर्स' संघ, नावातच पोलाद. १९७५ ते १९८० या काळात त्यानं चार वेळा सुपर बोल जिंकला. म्हणजे नेमक्या त्याच वर्षांत, जेव्हा भट्ट्यांवर कपातीचं सावट पडू लागलं होतं. ब्रुअरीनं विजेत्या संघाची छायाचित्रं डब्यांवर छापली आणि अख्ख्या शहरानं ते डबे माळ्यावर जपून ठेवले.

इथे या छंदातला सगळ्यात मोठा धडा आहे. ते स्टीलर्सचे डबे आज कवडीमोलानं मिळतात, कारण सगळ्यांनीच जपले. याच काळात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या भावाच्या नावानं 'बिली बिअर' निघाली होती. पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून लोकांनी पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या. त्याही तशाच पडून आहेत. जपण्यासाठी काढलेल्या वस्तूला पुढे किंमत राहत नाही. किंमत येते ती कोणी जपलाच नाही अशा डब्याला. भिंतीत गाडला गेला, विहिरीत पडला, जंगलातल्या उकिरड्यात पानांखाली दबला, आणि तरी वाचला.

अमेरिकेत हा छंद रीतसर उभा राहिला तो १९७० मध्ये. सेंट लुइसमध्ये सहा जणांनी बिअर कॅन कलेक्टर्स ऑफ अमेरिका ही संस्था काढली. सत्तरच्या दशकाअखेर तिचे सभासद दहा हजारांवर गेले. कित्येक अमेरिकन मुलांच्या खोलीत तेव्हा डब्यांची भिंत असे. नंतर लाट ओसरली, खरे वेडे तेवढे उरले. माझ्यासारख्या परक्या माणसाला त्यांनी सांभाळून घेतलं. एकानं गंजलेला डबा ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात किती वेळ ठेवायचा ते दाखवलं. दुसऱ्यानं सांगितलं की गंज काढताना रंग जाऊ लागला की थांबायचं, डाग म्हणजे डब्याचं वय, ते खरवडून तरुण करू नये. माझी स्वतःची चूकही इथे नोंदवून ठेवतो. सुरुवातीला मिळालेले तीन भरलेले डबे मी 'अस्सल' म्हणून तसेच ओलसर तळघरात ठेवले. दोन वर्षांत बिअरनं शिवण खाल्ली, तिन्ही पाझरले आणि खालच्या फळीवरचे अकरा डबे घेऊन गेले. जुनी बिअर ठेवायची नसते, जुना डबा ठेवायचा असतो.

त्या मंडळींची पहिली शिकवण म्हणजे डबा बुडाकडून उघडायचा. वरची कडी, झाकण, त्यावरची अक्षरं शाबूत राहिली पाहिजेत. म्हणून बुडाला दोन बारीक भोकं पाडून आतलं ओतून द्यायचं, धुवायचं, वाळवायचं. फळीवर ठेवल्यावर तो कधी उघडलाच नाही असं वाटतं.

आपल्याकडे हे वेड परकं वाटेल का? मला नाही वाटत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या पाहताना मला घरी आल्यासारखं होतं. तलवारी आणि दागिने जपायला घराणी असतात. अडकित्ता जपायला एक वेडा लागतो. आपल्या घरोघरी डालड्याच्या डब्यात तुळस लावली गेली, बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे गेले. त्या डब्यांवरची चित्रं किती जणांनी राखून ठेवली? आमच्या सांगलीच्या घरातला एकही उरला नाही. सगळे भंगारवाल्याकडे गेले, आणि त्यात मीच नेऊन दिलेले अधिक.

या पुस्तकाची मांडणी सन आणि झाकण यांच्या क्रमानं केली आहे. पहिल्या भागात सपाट डबे, दुसऱ्यात ओढकडीचे, तिसऱ्यात विनोदाचे आणि खेळाचे, चौथ्यात ॲल्युमिनियमचे. लॉरेन्सव्हिलमधलं उत्पादन २००९ मध्ये बंद होऊन लट्रोबला गेलं, तिथे मी थांबलो आहे. त्यानंतर कंपनी क्रेटनला गेली, जिथे १८८३ पासून पिट्सबर्गच्या काचेचा जुना कारखाना होता. लोखंडाच्या नावाची, ॲल्युमिनियमच्या डब्यातली बिअर मग काचेच्या कारखान्यात भरली जाऊ लागली. तो पुढचा भाग दुसऱ्या कोणी लिहावा.

डब्यांच्या किमती पुस्तकात दिलेल्या नाहीत. त्या वर्षाला बदलतात, आणि किंमत छापली की वाचक डबा सोडून आकडाच वाचतो. ड्युकेनचा तो पहिला डबा मात्र दुसऱ्या ब्रुअरीचा असूनही पहिल्या पानावर घेतला आहे, कारण तो नसता तर हे काहीच नसतं. घरमालक आजोबा आज नाहीत. त्यांचं घर विकलं गेलं. न्हाणीघराची भिंत आम्ही दोघांनी मिळून पुन्हा बांधली, तेव्हा बंद करायच्या आधी त्यांनी आयर्न सिटीचा एक ताजा रिकामा डबा आत ठेवला होता. तो अजून तिथेच असावा.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावात एखादी सोड्याची, बिस्किटांची, तपकिरीची किंवा तेलाची जुनी कंपनी असेल, तर तिचा एक डबा, एक बाटली, एक लेबल घरात राहू द्या. सन आणि गाव कागदावर लिहून आत टाका. आणि डबा उघडावाच लागला, तर बुडाकडून उघडा.